आग आणि हात यांच्यामध्ये

दिवाळीच्या बाजारात रॉकेट घेताना गिऱ्हाईक वेष्टनावरचे चित्र पाहते, फार तर काडी सरळ आहे ना ते पाहते. खाली लोंबणाऱ्या बोटभर वातीकडे लक्ष जाते ते थेट पेटवायच्या वेळी. एवढ्याशा त्या दोऱ्यावर तीन कामे सोपवलेली असतात. पेटवणाऱ्याला मागे सरायला सवड द्यायची, आग नळीच्या आतल्या नेमक्या जागी पोचवायची, आणि हे दोन्ही दर वेळी तेवढ्याच वेळात करायचे. यातले एक जरी हुकले तरी रॉकेट बाटलीतच फुरफुरून विझते, जागच्या जागी फुटते, नाहीतर माणूस अजून वाकलेला असतानाच सुटते.

रॉकेटचा इतिहास बहुधा दारूचा इतिहास म्हणून सांगितला जातो: सोरा, गंधक आणि कोळसा कोणी पहिल्यांदा एकत्र केले, कोणत्या राजाने ते लढाईत वापरले, आणि तिथून अवकाशयानापर्यंत माणूस कसा पोचला. वात त्या कहाणीत क्वचितच येते. प्रस्तुत पुस्तकाने तिलाच मध्यभागी बसवले आहे. कारखाने येण्यापूर्वी जगातले प्रत्येक रॉकेट हातानेच बनत होते. देवळाच्या जत्रेसाठी गावकऱ्यांनी, लढाईसाठी बाणदारांनी (लढाईतल्या रॉकेटला बाण म्हणत), राजाच्या विवाहसोहळ्यासाठी दारूकाम करणाऱ्या कारागिरांनी आणि अगदी अलीकडे घराच्या मागच्या अंगणात शाळकरी पोरांनी ती बनवली. या सगळ्यांपुढे प्रश्न एकच होता. आग लावणारा हात आणि पेटणारी दारू यांच्यामध्ये काही क्षणांचे अंतर कसे राखायचे? त्या प्रश्नाची वेगवेगळ्या काळी निघालेली उत्तरे, म्हणजे हा विषय.

नवख्या वाचकासाठी रॉकेटची रचना थोडक्यात सांगायला हवी. कागदाची, बांबूची किंवा लोखंडाची एक नळी, खालच्या टोकाला अरुंद तोंड, आत ठासलेली दारू आणि तोल सांभाळायला लांब काडी. दारूच्या मधोमध खालून वर जाणारी एक निमुळती पोकळी असते. आग त्या पोकळीत शिरली की आतला सारा पृष्ठभाग एकदम पेटतो, वायू तोंडातून जोराने बाहेर पडतो आणि नळी वर उचलली जाते. पोकळी नसेल तर दारू फक्त टोकाकडून हळूहळू जळते, आणि तेवढ्या जोरावर साधे दारूचे रॉकेट सहसा उठत नाही. ठासलेल्या दारूला तडा गेला असेल तर आग त्या फटीत घुसून नळीच फोडते. म्हणून वातीने आग पेटवून भागत नाही. ती कुठे पेटते तेही महत्त्वाचे असते. शोभेच्या रॉकेटमध्ये वर डोक्याशी ताऱ्यांची पुडी असते, आणि खालची दारू संपल्यावर आग तिथवर पोचायला हवी, तीही रॉकेट उंची गाठते त्याच सुमारास. हा दुसरा विलंब बाहेरून दिसत नाही, पण कारागिराचा कस तिथेच लागतो.

या कलेचे मूळ चीनमध्ये आहे. 1044 साली सोंग दरबारासाठी तयार झालेल्या ‘वूजिंग झोंगयाव’ या लष्करी ग्रंथात दारूच्या मिश्रणांची लेखी नोंद सापडते. 1232 साली मंगोलांनी कायफेंगला वेढा घातला तेव्हा आतल्या जिन सैन्याने आग ओकणारे भाले वापरल्याचे इतिहासात नमूद आहे. ती खरी रॉकेटे होती की हातातल्या अग्निनळ्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच शतकात सीरियातल्या हसन अल-रम्माहने युद्धकलेवरच्या ग्रंथात दारूच्या अनेक कृती आणि पाण्यावरून धावणाऱ्या एका अग्नियंत्राचे वर्णन केले. युरोपात व्हान्नोच्चो बिरिंगुच्चोचा ‘पिरोतेक्निया’ 1540 मध्ये व्हेनिसला छापला गेला. तो मुख्यतः धातुकामावरचा ग्रंथ, पण त्याच्या शेवटच्या भागात उत्सवांतल्या आतषबाजीलाही जागा मिळाली. 1650 साली अ‍ॅमस्टरडॅमला लॅटिनमध्ये निघालेल्या काझिमिएझ सिएमिएनोविचच्या तोफखान्यावरील ग्रंथाने रॉकेटला स्वतंत्र प्रकरण दिले आणि पुढे तो फ्रेंच, जर्मन, इंग्रजीत गेला. त्यात एकावर एक चढवलेल्या टप्प्यांच्या रॉकेटांच्या आकृत्या आहेत. त्याच्याही शंभर वर्षे आधी ट्रान्सिल्व्हेनियातल्या सिबिऊमध्ये कॉनराड हासने तशीच रचना हस्तलिखितात काढून ठेवली होती, पण ते हस्तलिखित विसाव्या शतकापर्यंत दप्तरातच पडून राहिले. टप्प्यांचे रॉकेट हा सगळा वेळेचा हिशेब असतो. खालच्या टप्प्याने वरच्याला आग द्यायची ती उशिरा नाही आणि आधीही नाही. तेव्हा ते काम दारूच्याच एका थराकडे असे.

आग नेण्याच्या पद्धतींचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. हे पुस्तक त्याच क्रमाने चालते, पण वर्ग काळाच्या पायऱ्या नव्हेत. चारही आज एकाच वेळी वापरात आहेत.

पहिला वर्ग धुमसणाऱ्या दोरीचा. मराठी वाचकाला ती तोड्याच्या बंदुकीमुळे आणि तोफखान्यातल्या जामगीमुळे ठाऊक आहे. सोऱ्याच्या पाण्यात मुरवून वाळवलेली दोरी ज्वाळा न काढता तासन्‌तास धुमसत राहते. गोलंदाज तोफेच्या कानात (पेटवणीच्या छिद्रात) रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भरून जामगीने बत्ती देई. बाणदारही पेटता तोडा जवळ बाळगून एकामागून एक बाणांना आग लावत. ही दोरी फक्त आग राखून ठेवते, दारूपर्यंतचे अंतर ती मोजत नाही. तिच्या टोकाचा स्पर्श होतो तो क्षण आणि दारू पेटते तो क्षण यांत फारसे अंतर नसते. रणांगणावर ते चालून जाई, कारण तिथे धोका तसाही चहूकडून होता.

दुसऱ्या वर्गात दोरा स्वतःच दारू वाहून नेतो. सुती धाग्यावर दारूचा लेप वाळवला की तो बेताच्या वेगाने जळत जातो. त्याला कागदाच्या सैलसर नळीत घातले की चित्र पालटते. जळण्यातून निघालेला तप्त वायू नळीत कोंडला जातो, पुढे धावतो आणि धाग्याचा पुढचा भाग आधीच पेटवतो. उघड्यावर सावकाश सरकणारी आग नळीत सेकंदाला कित्येक मीटर धावते. दारूकामाचा मोठा देखावा याच एका निरीक्षणावर उभा राहिला, कारण आता एका ठिकाणी लावलेली आग शंभर ठिकाणी जवळपास एकाच क्षणी पोचवता येऊ लागली.

अठराव्या शतकात बोलोन्याच्या रुज्जेरी बंधूंनी या कलेत नाव काढले. फिरत्या चक्रातून स्थिर चौकटीवर आणि तिथून पुन्हा फिरत्या भागावर आग कशी न्यायची, याचे त्यांचे तंत्र पॅरिसकरांना थक्क करून गेले. त्यापूर्वी 1706 मध्ये फ्रेंच अभियंता अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिएने आतषबाजीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून शोभेच्या दारूला लष्करी दारूपासून वेगळे केले होते. पण निष्णात माणसांच्या हातूनही बेत फसे. एक्स-ला-शापेलच्या तहाच्या आनंदात 27 एप्रिल 1749 रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये प्रचंड आतषबाजी ठरली. तिच्यासाठी हेंडेलने संगीत रचले, आणि सर्व्हान्दोनीने लाकूड आणि कापडाचा भव्य मंडप उभारला. ऐन देखाव्यात मंडपाच्या एका बाजूला आग लागली. सर्व्हान्दोनी इतका भडकला की आतषबाजीवर देखरेख करणाऱ्या चार्ल्स फ्रेडरिकवर त्याने तलवार उपसली आणि तो अटकेत गेला. लेखक होरेस वॉलपोलने मित्राला लिहिलेल्या पत्रात चक्रे दीनवाणी होती आणि रोषणाई फार सावकाश पेटवली अशी तक्रार केली आहे. संगीत मात्र टिकले, अजूनही वाजते.

भारतातला प्रवाह तितकाच जुना आणि तितकाच समृद्ध आहे, आणि तो जगापुढे मांडण्याचे श्रेय पुण्याच्या एका संशोधकाकडे जाते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी 1953 साली 1400 ते 1900 या काळातल्या भारतीय आतषबाजीचा इतिहास लिहिला. 1443 मध्ये विजयनगरला आलेला प्रवासी अब्दुर रझाक, ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणि’ आणि एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तला लग्नाचा थाट, असे दुरून दुरूनचे पुरावे त्यांनी एकत्र आणले. त्यांनी पुढे आणलेला पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग या पुस्तकाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले: तिथे दारूची लंका उभारतात, रावण, राक्षस आणि वानरांच्या आकृती दारूच्याच करतात, हनुमंताच्या शेपटीला आग लावतात आणि तो उडत जाऊन लंका जाळतो. पेशव्यांनी तसाच देखावा पुण्यात करायला सांगितला. तो पर्वतीच्या पायथ्याशी झाला आणि शहराने टेकडीवरून पाहिला. त्या देखाव्याची मांडणी पाहिली तर हनुमंताची शेपटी म्हणजे वातच. आग कोठून सुरू होणार, कोणत्या वाटेने जाणार आणि शेवटी कशावर कोसळणार हे त्या कारागिराने रामकथेच्याच क्रमाने बसवले होते.

लढाईतला बाण शोभेच्या रॉकेटचाच भाऊ. मोगल, मराठा आणि दक्षिणेतल्या फौजांत बाणदार असत. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपूने त्यात जो बदल केला तो नळीचा होता. कागद किंवा बांबूऐवजी लोखंडी नळी आल्याने आत जास्त दाब सहन होऊ लागला आणि बाण दूर जाऊ लागला. 10 सप्टेंबर 1780 रोजी पोल्लिलूरला कर्नल बेलीच्या इंग्रज तुकडीचा पराभव झाला. तुकडीच्या दारूगोळ्याच्या गाड्यांचा झालेला स्फोट त्याचे एक मोठे कारण होते, आणि त्याचे श्रेय अनेकांनी म्हैसूरच्या बाणांना दिले आहे. टिपूच्या ‘फतह-उल-मुजाहिदीन’मध्ये प्रत्येक कुशूनमागे (सैन्याच्या तुकडीमागे) 200 बाणदारांची व्यवस्था आहे. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर बाणांचे नमुने इंग्लंडला गेले. विल्यम काँग्रीव्हने पुढच्या काही वर्षांत त्यांवरून ब्रिटिश रॉकेट घडवले, 1807 मध्ये कोपनहेगन त्यांनी जाळले आणि 1814 मध्ये बाल्टिमोरचा फोर्ट मॅकहेन्री त्यांनी उजळला. म्हैसूरचे बाण फक्त संग्रहालयात उरले होते असेही नाही. 2018 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात नगर इथल्या एका जुन्या विहिरीत हजारावर लोखंडी नळ्या सापडल्या. रोद्दम नरसिंह यांनी 1985 मध्ये म्हैसूर आणि ब्रिटनच्या रॉकेटांवर लिहिलेला निबंध आजही या शाखेचा पाया मानला जातो, आणि वैमानिकी शास्त्रज्ञाने इतिहासाकडे कसे पाहावे याचाही तो नमुना आहे.

तिसरा वर्ग मोजलेल्या वातीचा. तो आतषबाजीतून आला नाही, खाणीतून आला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात कथील आणि तांब्याच्या खाणींत सुरुंग उडवताना कामगार दारू भरलेली गवताची काडी किंवा हंसाच्या पिसाची नळी वापरत. ती कधी क्षणात जळून जाई, कधी विझल्यासारखी होऊन माणूस पाहायला गेला की पेटे. टकिंगमिलचा चामड्याचा व्यापारी विल्यम बिकफर्ड याला दोर वळणाऱ्याचे काम पाहून युक्ती सुचली: तागाचे धागे पिळताना त्यांच्या पोटात दारूची बारीक धार सोडायची आणि वरून डांबराचा लेप द्यायचा. 1831 मध्ये त्याने एकस्व मिळवले. ही वात फुटाला साधारण अर्धा मिनिट घेई, पाण्यातही जळे, आणि किती लांबीला किती वेळ ते आधी सांगता येई. पहिल्या वर्षी कारखान्याने 45 मैल वात विणली. बिकफर्ड 1834 मध्ये वारला, पण त्याच्या नावाची वात जगभरच्या खाणींत आणि रेल्वेच्या बोगद्यांत पोचली. धाग्याच्या वेटोळ्यांत दारू आणि वर पाणीरोधक लेप, हीच कल्पना आज दुकानी फटाक्यांच्या हिरवट वातीत दिसते. सरकारी नियमही त्याच विश्वासावर उभे आहेत. अमेरिकेत ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या फटाक्याची वात किमान 3 आणि जास्तीत जास्त 9 सेकंद जळली पाहिजे, असे कायदाच सांगतो. नऊ सेकंदांची कमाल मर्यादाही विचारपूर्वक आहे, कारण वात फार वेळ घेऊ लागली की ती विझली असे समजून माणूस पुन्हा जवळ जातो.

चौथा वर्ग विजेचा. तारेतून प्रवाह सोडून दारू पेटवण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले. हौशी रॉकेटांत ही पद्धत रुजली ती मात्र मुलांच्या जिवाच्या भीतीमुळे. 4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुतनिक वर गेले आणि अमेरिकेतली हजारो पोरे तळघरात, गॅरेजात रॉकेट बनवू लागली. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवुड या कोळसाखाणीच्या गावातला होमर हिकम त्यांच्यापैकीच; त्याच्या पहिल्या प्रयोगाने आईच्या गुलाबांचे कुंपण उडवले. पुढे तो नासात अभियंता झाला आणि 1998 मध्ये ‘रॉकेट बॉइज’ लिहिले. सगळ्यांचे नशीब असे नव्हते. हात गमावलेल्या, डोळे गेलेल्या मुलांच्या बातम्या येत राहिल्या. नेब्रास्कातल्या नॉरफोकचा जोड्यांचा दुकानदार ऑर्व्हिल कार्लाईल याने भावासोबत 1954 मध्येच एक वेगळी वाट शोधली होती: दारू भरलेली नळी कारखान्यात तयार व्हावी, मुलांनी फक्त कागदाचे आणि लाकडाचे शरीर बांधावे. 1957 मध्ये त्याने व्हाइट सँड्सच्या चाचणीतळावर सुरक्षेचे काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइनला पत्र लिहिले. त्यातून मॉडेल रॉकेटचा छंद उभा राहिला, आणि व्हर्न एस्टेसने त्या नळ्या पटापट भरणारे यंत्र बनवले. या छंदाच्या नियमावलीने वात हद्दपार केली. पेटवायचे ते विजेनेच, चावी लावल्याशिवाय चालू न होणाऱ्या पेटीतून, आणि लहान रॉकेटलासुद्धा किमान 15 फूट लांबून. वातीचा गुण हा की ती वेळ देते; दोष हा की एकदा पेटली की तिला थांबवता येत नाही. शेवटच्या क्षणी मैदानात कुणी पोर धावत आले तर विजेचे बटण सोडता येते.

हाताने रॉकेट बनवण्याच्या परंपरा मात्र संपलेल्या नाहीत. थायलंडच्या यासोथोनमध्ये दर मे महिन्यात पावसाची विनवणी करत बुन बांग फाई साजरा होतो आणि ज्यांचे रॉकेट वर जात नाही त्यांना चिखलात लोळवतात. जपानच्या चिचिबूजवळ योशिदात दर ऑक्टोबरात मुकू देवळाच्या उत्सवाला दोन डझनांहून अधिक घराणी आपापली ‘र्‍यूसेई’ सोडतात. पाइनची नळी कोरणे, बांबूच्या कड्या घालणे आणि दारू ठासणे यांचे प्रत्येक घराण्याचे संकेत वेगळे, आणि ते गाण्यातल्या घराण्यांइतक्याच अभिमानाने जपलेले. ग्रीसच्या खिओस बेटावर व्रोंटाडोस गावात ईस्टरच्या रात्री दोन चर्चांचे लोक एकमेकांच्या घंटेवर हजारो रॉकेटांचा नेम धरतात. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे तो उत्सव 2016 मध्ये थांबवावा लागला होता. माल्टात गावोगावच्या चर्चच्या उत्सवांसाठी स्वयंसेवक वर्षभर दारूकाम करतात आणि तिथले कारखाने अनेकदा स्फोटांत उद्ध्वस्त झाले आहेत.

महाराष्ट्रातले उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात कवठे एकंद गावी दसऱ्याला श्री सिद्धराजांची पालखी निघते आणि रात्रभर तिच्यासमोर शोभेची दारू उडते. मंडळामंडळांत चुरस असते, औट, झाडकाम अशा दारूकामाच्या प्रकारांनी रस्ता उजळतो आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लोक पाहायला येतात. ही कारागिरी बापाकडून पोराकडे आली आहे. त्याच गावाने दारूच्या कारखान्यातला जीवघेणा स्फोटही सोसला आहे. परंपरा आणि अपघात यांना वेगळे करून दाखवणे सोपे असते, पण हे पुस्तक ते करत नाही आणि त्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

हा विषय आज महत्त्वाचा का, याचे पहिले उत्तर या अपघातांत आहे. 10 एप्रिल 2016 रोजी केरळातल्या परवूरच्या पुट्टिंगल देवळात ठिणगी दारूच्या साठ्यावर पडली आणि शंभरावर माणसे गेली. त्याच वर्षी 20 डिसेंबरला मेक्सिकोतल्या तुल्तेपेकच्या सान पाब्लितो बाजारात 42 जणांचा बळी गेला. शिवकाशीजवळ मुदलिपट्टीत 5 सप्टेंबर 2012 रोजी झालेल्या स्फोटात जवळपास 40 लोक मेले. शिवकाशीचा उद्योग 1920च्या दशकात आगपेट्यांपासून सुरू झाला, 1940च्या सुमारास फटाक्यांकडे वळला, आणि आज देशातला फटाक्यांचा मोठा वाटा तिथूनच येतो. वाती कापणे, त्या नळ्यांत बसवणे, लडी विणणे ही कामे बहुतांशी बायकांच्या हाती, आणि एके काळी लहान मुलांच्याही. 1986च्या बालकामगार कायद्याने आगपेट्या, स्फोटके आणि फटाके यांचे उत्पादन धोकादायक कामांच्या यादीत घातले. वातीचा इतिहास लिहायचा म्हणजे ज्या बोटांनी ती वळली त्यांचाही लिहावा लागतो, आणि पुस्तकाने ते भान सोडलेले नाही.

दुसरे उत्तर कायद्यात आणि हवेत आहे. भारतात परवान्याशिवाय फटाके बनवणे 1884चा स्फोटके कायदा आणि 2008ची नियमावली यांखाली गुन्हा ठरतो. घरी दारू भरण्याला हौस म्हणून कसलीही सूट नाही. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. कमी धूर करणारे ‘हरित’ फटाके 2019 मध्ये पुढे आणणारी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्थाही नागपूरचीच. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांसाठी वेळा बांधून दिल्या, बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली आणि लडींचे उत्पादन थांबवले. लड हा वातींच्या जोडणीचाच खेळ: एका मुख्य वातीला शेकडो वातींची पिलावळ. तिच्यावरची बंदी कचरा, आवाज आणि धूर या कारणांनी आली, पण तिने सर्वांत जुन्या जोडणीच्या तंत्रालाच हात घातला. दुसरीकडे मोठ्या शहरांत संगणकाने चालणारी विजेची पेटवणी रूढ झाली आहे, आणि काही ठिकाणी ड्रोनच्या दिव्यांनी आतषबाजीची जागा घेतली आहे. कारागिरांच्या हातातली माहिती नोंदवून ठेवण्याची वेळ हीच आहे. ती पुढच्या पिढीकडे आपोआप जाईल असे आता मानता येत नाही.

या विषयावरचे इंग्रजी वाङ्मय मोठे आहे. ब्रॉकचा 1949चा इतिहास, लँकेस्टरचे 1972चे तंत्रविषयक पुस्तक, जपानी शास्त्रज्ञ शिमिझूंचे 1981चे विवेचन आणि सायमन वेरेटने 2010 मध्ये आतषबाजी आणि विज्ञान यांचा लावलेला संबंध, हे सगळे आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत. त्यांतले इतिहास मुख्यतः युरोपच्या दरबारांभोवती फिरतात, भारत एखाद्या परिच्छेदात उरकतात आणि म्हैसूरपुढे क्वचितच जातात. गोड्यांचा निबंध त्याला उतारा आहे, पण तो शोभेच्या दारूचा इतिहास आहे, पेटवणीच्या तंत्राचा नव्हे. या दोहोंच्या मधली जागा हे पुस्तक भरू पाहते.

त्यात काय नाही, तेही सांगितले पाहिजे. दारूची प्रमाणे, भरण्याच्या पायऱ्या, वातीच्या लांबीचे तक्ते यांपैकी काहीही लेखकाने दिलेले नाही. जुन्या ग्रंथांत ती सापडतात, पण त्यांतल्या अनेक कृती मुळातच अपुऱ्या आहेत आणि काही जीवघेण्या; छापील इतिहास म्हणून त्या वाचाव्यात, करून पाहू नयेत. पुस्तकाचा भर तत्त्वावर आहे: आग का धावते, का रेंगाळते, कोंडल्यावर तिचा स्वभाव कसा बदलतो, आणि प्रत्येक काळाने तिच्याशी कोणता करार केला. रसायनाची जाण नसलेल्या वाचकालाही ते समजेल इतपत साधे ठेवले आहे. ज्याला जाण आहे त्याला इतिहासाचे तपशील नवे वाटतील.

पुस्तकाची रचना वर सांगितलेल्या चार वर्गांवर असली तरी प्रत्येक भागात कारागीर, सैनिक, खाणकामगार आणि हौशी पोरगा अशी चार माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. एकाच दोऱ्याकडे ती वेगळ्या नजरेने पाहतात. कारागिराला वात वेळेवर हवी, सैनिकाला वाऱ्यापावसात टिकणारी हवी, खाणकामगाराला तिने फसवू नये एवढेच हवे, आणि पोराला ती लवकर पेटायला हवी. लेखकाने यांच्यातला वाद सोडवून टाकलेला नाही. कवठे एकंदसारख्या गावांत परवाना, विमा आणि परंपरा यांची सांगड कशी घालायची, लडीवरची बंदी टिकावी की नियमांनी बांधून उठावी, शाळांत मॉडेल रॉकेटे आणायची तर कोणत्या अटींवर, हे प्रश्न शेवटच्या भागात उघडे ठेवले आहेत. नियम राबवणारे नागपूरचे अधिकारी, मंडळांचे कार्यकर्ते आणि विज्ञानाचे शिक्षक या तिघांनी तो भाग एकत्र बसून वाचला तर पुस्तकाचा हेतू बराचसा साधेल.